छप्पन्नचे अठ्ठावीस कुठे झाले?

मॉडेमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५६ के’ छापलेले असे. जोडणी झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन इवलेसे संगणक लुकलुकू लागत. त्यांच्यावर माउस नेला की खरा वेग दिसे: २८,८००, कधी २६,४००, पावसाळ्यात तर १९,२०० सुद्धा. खोक्यावरचे अर्धे गेले कुठे, हे लोकांनी मॉडेम विकणाऱ्या दुकानदाराला विचारले, संगणक जोडून देणाऱ्या पोराला विचारले, लाइनमनला विचारले. यांपैकी कोणाकडेच पुरते उत्तर नव्हते. उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि बरेचसे त्या तारेबद्दल कित्येक वर्षे आधी झालेल्या निर्णयांत होते.

मुंबईतून पाहिले तर ही हकिगत १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या उमापूरसारख्या गावातून पाहिले, तर ती अकरा वर्षे मागे न्यावी लागते. तेव्हा इंटरनेट हा शब्दही कोणाच्या कानावर नव्हता. फोन मात्र सगळ्यांना हवा होता आणि मिळत नव्हता.

फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. ऑगस्ट १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, धूळ चालत नसे आणि वीज अखंड लागे. यांतले काहीच तालुक्याच्या गावी मिळण्यासारखे नव्हते. सी-डॉटने उन्हाळा आणि धूळ सोसेल असे १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. त्यातले पहिले जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. पुढच्या दहा वर्षांत देशभरातल्या लहान गावांत अशी पेटीवजा एक्स्चेंजेस उभी राहिली आणि पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ दिसू लागले. ग्रामीण भारताला फोन मिळाला तो प्रामुख्याने या यंत्रामुळे, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण हे सारे उभे राहिले ते बोलण्यासाठी. माणसाचा आवाज ओळखू यावा, शब्द कळावेत, यासाठी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. टेलिफोन जगभर तेवढाच पट्टा वाहून नेत असे. त्यात थोडी खरखर आली तरी बिघडत नाही, कारण ऐकणारा गाळलेली अक्षरे मनाने भरून घेतो. गावातले एक्स्चेंज आतून डिजिटल असले तरी तिथून तालुक्याच्या मोठ्या एक्स्चेंजपर्यंतचा दुवा अनेक ठिकाणी ॲनालॉगच होता: कुठे खांबांवरून गेलेली तार, कुठे रेडिओ. ज्या गावांना एक्स्चेंजही नव्हते तिथे ‘मार’ नावाची रेडिओ यंत्रणा आली. एका मध्यवर्ती मनोऱ्यावरून अनेक गावांच्या सार्वजनिक फोनना आळीपाळीने वाटून दिलेल्या थोड्या वाहिन्या, असा तो कारभार. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन पोहोचवण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्ट मुदतीत गाठले गेले नाही. जिथे ‘मार’ने गाठले तिथेही फोन चालू कमी आणि बंद जास्त अशी अवस्था झाली. अखेर २००२ मध्ये उभारलेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून हे फोन बदलून घेण्यासाठी अनुदान द्यावे लागले.

इकडे मुंबईत दुसरेच काही चालले होते. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी यांच्यात साध्या फोनलाइनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती पहिली पावले. डॉ. एस. रमणी आणि त्यांचे सहकारी मॉडेम लावून, नंबर फिरवून पत्रे पाठवत. लाइन तुटली की पुन्हा फिरवत. नंतर घराघरांत जे घडले त्याची ही रंगीत तालीमच होती, फक्त इथे बिघाड शोधणारे लोक संगणकशास्त्रज्ञ होते.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले केले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी आधी महानगरे, मग पुणे-बंगलोर. वैयक्तिक खात्याचा दर २५० तासांना ५,००० रुपये, आणि वेग सेकंदाला ९,६०० बिट. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांचे खाते मिळे, पण त्यात नुसती अक्षरे दिसत, चित्र नाही. ९,६०० च्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरवायला, काहीही अडथळा न येता, साधारण साडेचौदा मिनिटे लागत. शिवाय फोनचे बिल वेगळे.

सुरुवात वाईटच झाली. मागणी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, पलीकडे फोन उचलणारी मॉडेम कमी, आणि ग्राहक ते व्हीएसएनएल यांच्यामधली तार दुसऱ्याच सरकारी संस्थेच्या ताब्यात. निगमाचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी आपल्याकडून गफलत झाल्याचे पुढे जाहीरपणे मान्य केले. सरकारी उपक्रमाच्या प्रमुखाने असे बोलावे हे तेव्हाही दुर्मीळ होते. त्यांच्या कबुलीतली तारेची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवा एकाची, तार दुसऱ्याची, मॉडेम तिसऱ्याचे. बिघाड झाला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. ही रचना पुढची काही वर्षे तशीच राहिली.

देशाबाहेरचा रस्ताही अरुंद होता. नारायणगावजवळच्या आर्वीचे विक्रम उपग्रह केंद्र १९७१ पासून परदेशी संदेश वाहत होते. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, त्यामुळे त्या वाटेने प्रश्न जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद नुसता प्रवासातच जाई. १९९७ मध्ये फ्लॅग ही समुद्राखालची केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली आणि मग थोडी मोकळीक झाली. पण ती सगळ्या देशात वाटली जायची होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी गत. अमेरिकेतल्या संकेतस्थळाचे पान रात्री उघडत नसेल तर गेवराईतले मॉडेम बदलून काही साधणार नव्हते. लोकांनी बदलले ते मात्र मॉडेमच, कारण त्यांच्या हातात तेवढेच होते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘व्ही ९०’ हे मॉडेमचे जागतिक प्रमाण ठरले आणि ५६ के हा आकडा खोक्यांवर रुळला. याआधी ३३,६०० च्या आसपास वेग अडकला होता. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, ठरावीक पट्ट्याच्या आणि ठरावीक खरखरीच्या तारेतून किती माहिती जाऊ शकते याला मर्यादा असते, आणि ३३,६०० हा आकडा त्या मर्यादेला जवळजवळ टेकला होता. ‘व्ही ९०’ने त्यातून पळवाट काढली. सेवा देणाऱ्याच्या बाजूची लाइन पूर्ण डिजिटल असेल, आणि डिजिटलचे ॲनालॉग संपूर्ण वाटेत एकदाच, म्हणजे ग्राहकाच्या एक्स्चेंजमध्येच होत असेल, तर उतरणारा वेग ५६ हजारांपर्यंत जाऊ शकतो. अट एवढीच. गाव ते तालुका हा दुवा ॲनालॉग असला की रूपांतर आणखी एकदा होई आणि मॉडेम निमूटपणे जुन्या ३३,६०० च्या प्रमाणावर उतरे. त्यात तारेवर खरखर असली की २८,८००. छप्पन्नचे अठ्ठावीस झाले ते इथे. कित्तूरच्या एक्स्चेंजने ज्या काटकसरीने गावाला फोन दिला, तीच काटकसर आता वेग कापत होती. यात कोणाची लबाडी नव्हती. पण खोक्यावर ही अट छापलेली नसे, आणि दुकानदार ती सांगत नसे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची परवानगी मिळाली आणि त्याच महिन्यात सत्यम इन्फोवे बाजारात उतरली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने २००० सालापर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी इंटरनेट पोहोचवण्याचे म्हटले. ‘जिल्ह्याच्या ठिकाणी’ हे शब्द नीट वाचावेत. ज्या जिल्ह्यात केंद्र नव्हते तिथल्या माणसाला दूरच्या शहराचा नंबर एसटीडीने फिरवावा लागे. म्हणून रात्री ११ नंतरचा पाव दर सुरू होण्याची वाट पाहत संगणकासमोर बसणारी एक जमातच तयार झाली. १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल स्थापन झाली. तिच्या संचारनेटचा १७२२२२ हा नंबर स्थानिक कॉलच्या दरात लागू लागला, तेव्हा तालुक्याच्या गावांना हे परवडण्याच्या जवळ आले. मग बूथवाल्यांनी एसटीडीच्या पाटीखाली ‘इंटरनेट’ असे रंगवून घेतले. दहावी-बारावीचे निकाल संकेतस्थळांवर लागू लागल्यावर निकालाच्या दिवशी त्या नंबरवर नुसता एंगेज टोन ऐकू यायचा.

आता घरातली दुरुस्ती. ती शिकवणारे पुस्तक मराठीत फारसे नव्हते. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली ती विद्या होती, आणि तिच्यात पुष्कळ शहाणपण होते.

पहिला अनुभव बहुधा असा: मॉडेम म्हणे ‘नो डायल टोन’, आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला तर टोन ठणठणीत. अनेक मॉडेम अमेरिकी टोन ओळखायला शिकलेली होती, भारतीय एक्स्चेंजचा टोन वेगळ्या घडणीचा होता. उपाय साधा: विंडोजमधल्या ‘वेट फॉर डायल टोन’पुढची खूण काढून टाकायची, किंवा मॉडेमच्या आज्ञावलीत ‘एक्स ३’ घालायचे. म्हणजे टोन ऐकण्याच्या भानगडीत न पडता मॉडेम थेट नंबर फिरवी. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर असलेल्यांना टोनऐवजी पल्स निवडावे लागे, नाहीतर बटणे दाबूनही पलीकडे काही कळत नसे.

यानंतर तार. रिसीव्हर उचलून एखादाच आकडा दाबायचा; डायल टोन थांबतो, लाइन गप्प होते, आणि त्या शांततेत जे ऐकू येते तो तुमच्या तारेचा खरा आवाज. घुंऽऽ असा एकसारखा आवाज म्हणजे जवळून विजेची तार गेली आहे. कडकड म्हणजे कुठेतरी जोड ढिला आहे किंवा गंजला आहे. हे जोड शोधायचे ते घरापासून सुरुवात करून: भिंतीवरची रोझेट, मग खिडकीतून आत आलेली तार, मग खांबावरची डीपी, जिचे झाकण बहुतेक वेळा गायब असे. हाताने पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला प्रत्येक जोड संशयित. आतल्या खोलीत समांतर जोडलेला दुसरा फोन काढून बघायचा, कारण तो कोणी उचलला की जोडणी तुटतेच, आणि नाही उचलला तरी तार उगाच लांबते. घरापर्यंतचे सगळे तपासून झाले की १९८ वर तक्रार आणि लाइनमनची वाट. आवाज नीट ऐकू येतो ना, मग लाइन चांगली आहे, असे तो म्हणे, आणि त्याच्या कामाच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबरही होते. ती तार बोलण्यासाठीच तर टाकली होती.

मराठवाड्यात वळिवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडली की आधी मॉडेमची पिन काढायची, हे एकदा मॉडेम जळाल्याशिवाय सहसा कोणी शिकत नसे. कागदी वेष्टनाच्या जुन्या भूमिगत केबलमध्ये पाणी शिरले की अख्ख्या गल्लीची लाइन बसे. आत जेली भरलेल्या नव्या केबलींनी तो त्रास पुष्कळ कमी केला.

या सगळ्यात एक युक्ती उलटी वाटावी अशी होती. वेग वाढवायचा असेल तर तो कमी करून मागायचा. खराब लाइनवर मॉडेम आधी जास्त वेगाला हो म्हणे, मग चुका वाढल्या की दोन्ही मॉडेम थांबून पुन्हा वाटाघाटी करत आणि तेवढा वेळ काहीच हलत नसे. जाणकार मंडळी ‘व्ही ९०’ बंद करून वेग आधीच २६,४०० किंवा २८,८०० ला बांधून टाकत. आकडा लहान दिसे, पण पान लवकर उघडे आणि जोडणी टिके. शिवाय ब्राउझरमधली चित्रे बंद करून ठेवलेली असत. मराठी वृत्तपत्राचे पान उघडायचे तर त्याचा खास फॉन्ट आधी उतरवावा लागे, युनिकोड रुळायला अजून वेळ होता.

खरखरीचा खरा हिशेब मात्र फार थोड्यांच्या लक्षात आला. जुन्या मॉडेमवर तारेतला गोंधळ पडद्यावर सरळ दिसे: मध्येच वेडीवाकडी अक्षरे उमटत. १९८८ च्या ‘व्ही ४२’ प्रमाणापासून मॉडेम चूक स्वतः ओळखून तो तुकडा पुन्हा मागवू लागले. पडदा स्वच्छ झाला. गोंधळ गेला नव्हता, त्याने वेळाचे रूप घेतले होते. आणि फोनवरचा वेळ मीटरवर मोजला जाई. म्हणजे गंजलेल्या जोडाची किंमत तार ज्याची होती त्याने न भरता दर दोन महिन्यांच्या बिलात ग्राहकाने भरली. लाइन जितकी वाईट, तितके बिल मोठे. चांगल्या तारांच्या शहरापेक्षा वाईट तारांच्या गावाला तेच पान महाग पडे. डायल-अपच्या काळाबद्दल आज गमतीने बोलले जाते, मॉडेमच्या किंचाळण्याच्या आठवणी निघतात. ही विषमता त्या आठवणींत येत नाही.

एका माणसाच्या घरात जे झाले ते एका मोठ्या प्रकल्पातही झाले. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणानगरचा सहकारी साखर कारखाना आणि त्याभोवतीच्या संस्था, केंद्र सरकार, राज्य सरकार असे सगळे त्यात होते. शेतकऱ्याला गावातल्या केंद्रात बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागद आणि इंटरनेट मिळेल असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात वीज, संगणकाची देखभाल आणि रडतखडत चालणारी जोडणी यांतून तगून राहिले ते एकच काम: उसाची नोंद, तोडणी, खताची उचल आणि पैशांचा हिशेब यांची कारखान्याशी देवाणघेवाण. ज्या उसाची ही नोंद होत होती, तो तोडायला पश्चिम महाराष्ट्रात दरवर्षी टोळ्या येतात त्या मोठ्या संख्येने बीड जिल्ह्यातून. गेवराई तालुक्यातल्या गावांना इंटरनेटची जी पहिली अप्रत्यक्ष ओळख झाली असेल, ती अशी कारखान्याच्या पावतीतूनही झाली असेल.

मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे राजेश वीरराघवन, नागा यसोधर आणि केंटारो तोयामा यांनी वारणेत एक प्रयोग केला. त्यांचा ‘वारणा अनवायर्ड’ हा निबंध २००७ मध्ये आला. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाचे सगळे काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिले. संगणक जे करत होता ते सगळे झाले, कमी खर्चात झाले, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडले. एसएमएस म्हणजे १६० इंग्रजी अक्षरे. म्हणजे गावाला मोठ्या वेगापेक्षा न तुटणारी, थोडी पण खात्रीची जोडणी हवी होती. वेग बांधून घेणाऱ्या त्या घरगुती जाणकारांचा निष्कर्षही हाच होता, त्यांनी फक्त निबंध लिहिला नाही.

तोवर तारेचे दिवस पालटले होते. १४ ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान मर्यादा ठरवली आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा आली. तार तीच, पण आता आवाजाच्या पट्ट्याच्या वरचा मोकळा भाग वापरात आला आणि नंबर फिरवायची गरज उरली नाही. मीटर मिनिटांवरून मेगाबाइटवर गेले. रात्रीची जागरणे मात्र सुटली नाहीत: ५०० रुपयांच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ मोजणी नव्हती, म्हणून लोक डाउनलोड लावून झोपू लागले. त्याच वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचे तास वाढले, त्यामुळे ब्रॉडबँड असले तरी संगणक बंद, असेही दिवस गेले.

या नव्या सेवेलाही एक्स्चेंजपासून साधारण चार-पाच किलोमीटरची मर्यादा होती. गावठाणाला ती पुरे, वाड्या-वस्त्या आणि तांडे तिच्या बाहेर. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. रस्ते रुंद करताना जेसीबीने जुनी तांब्याची केबल तोडली की अनेक ठिकाणी ती पुन्हा जोडायच्या भरीस कोणी पडेना, कारण लँडलाइन परत करणाऱ्यांचीच रांग लागली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. ज्या घरांत तार कधी पोहोचलीच नव्हती त्यांनी डायल-अप आणि ब्रॉडबँड हे दोन्ही मुक्काम ओलांडून एकदम मोबाइलवर इंटरनेट घेतले. १७२२२२ हा नंबर त्यांना कधी फिरवावा लागला नाही.